जोडे शिवणारा पोरगा पाळकांच्या बैठकांना जात राहिला आणि बंगालात मराठीचं व्याकरण छापलं गेलं

१८०५ साली कोलकात्याजवळच्या सेरामपूरमध्ये एक पुस्तक छापून झालं. मराठी भाषेचं व्याकरण, इंग्रजीतून समजावलेलं. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा गादीवर होता आणि महाराष्ट्रात छापखाना ही गोष्ट लोकांच्या रोजच्या आयुष्यात यायला अजून बराच अवकाश होता.

व्याकरण लिहिणारा माणूस मराठी मुलखात राहिलेला नव्हता. तो इंग्लंडच्या एका खेड्यातला, जोडे शिवून पोट भरणारा कारागीर होता.

नाव विल्यम कॅरी.

शाळेच्या पुस्तकात कॅरीचं नाव येतं ते छापखाना, बायबलची भाषांतरं आणि सतीबंदी या संदर्भात. मराठीच्या अभ्यासकांना तो व्याकरण आणि कोशामुळे माहीत असतो. पण जोडे शिवणारा हा माणूस बंगालात पोचलाच कसा, हा भाग फारसा सांगितला जात नाही. तो भाग सगळा बैठकांचा आहे. पाळकांच्या बैठकांचा.

बैठक, परिषद, संमेलन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हारतुरे, चहा-बिस्किटं, दोन भाषणं, एक ठराव, शेवटी ग्रुप फोटो. घरी गेलं की ये रे माझ्या मागल्या. चर्चमधल्या परिषदांबद्दलही हीच तक्रार असते. पाळकाने आपली मंडळी सांभाळावी, दोन दिवस बाहेरगावी जाऊन मिळतं काय?

कॅरीच्या आयुष्यात त्याचं उत्तर आहे. आणि ते वाटतं तितकं गोडगोड नाही.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा. इंग्लंडच्या मधोमध नॉर्थॅम्प्टनशायर नावाचा परगणा आहे, तिथल्या पॉलर्सपरी गावातला. बाप एडमंड आधी विणकर, मग गावच्या शाळेत मास्तर. पोराला झाडंझुडपं, किडे, पाखरं यांचं वेड. शेतावर काम करावं तर उन्हाने अंगाची कातडी सोलून निघायची, म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. तिथे कातड्याबरोबर पुस्तकंही हाताला लागली. लॅटिन, ग्रीक, जे मिळेल ते. सोबत काम करणाऱ्या एका पोरामुळे तो सरकारी चर्च सोडून वेगळ्या मताच्या लोकांकडे ओढला गेला.

हे वेगळ्या मताचे लोक म्हणजे कोण, ते थोडं समजून घ्यावं लागेल.

इंग्लंडात राजाचं म्हणजे सरकारमान्य चर्च एक. त्याच्या बाहेर राहणारे बाप्टिस्ट वगैरे लोक कायद्याने चालवून घेतलेले, पण दुय्यम. त्यांच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. त्यांच्या पाळकांना सरकारी पगार नाही, वर बिशप नाही, मागे संस्था नाही. एकेक मंडळी म्हणजे पन्नास-शंभर माणसं, बरीचशी गरीब. त्यांनी गोळा करून जे दिलं त्यावर पाळकाने घर चालवायचं. पुरलं नाही तर शाळा काढायची, नाहीतर जोडे शिवायचे. एखादा प्रश्न अडला तर विचारायला जवळपास कोणी नाही. चांगलं पुस्तक हवं तर विकत घ्यायची ऐपत नाही.

अशा माणसांना एकत्र यायची गरज किती असेल?

म्हणून १७६० च्या दशकात त्या भागातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी एक संघ बांधला. वर्षातून एकदा, पेंटेकॉस्टच्या सणाच्या आसपास, दोन दिवस सगळ्यांनी एका गावी जमायचं. प्रत्येक मंडळीने पत्र आणायचं: वर्षभरात किती जणांचा बाप्तिस्मा झाला, किती वारले, किती जणांना काढून टाकलं, कुठे भांडण चालू आहे. पत्रं सगळ्यांसमोर वाचली जायची. दोन-तीन उपदेश व्हायचे. मग एखाद्या पाळकाने लिहिलेलं पत्र छापून सगळ्या मंडळ्यांना पाठवायचं. शिवाय मधल्या काळात फक्त पाळकांच्या छोट्या बैठका. जेवणानंतर एक विषय घ्यायचा आणि त्यावर वाद घालायचा.

दिसायला अगदी साधी गोष्ट. पण एकट्या पाळकासाठी हेच कॉलेज होतं, लायब्ररी होती आणि नातलगही.

१७८२ च्या उन्हाळ्यात अशी वार्षिक सभा ओल्नी गावी भरली. कॅरी तेव्हा वीस वर्षांचा. लग्नाला वर्ष झालेलं. बायको डोरोथी वयाने पाचेक वर्षांनी मोठी, लिहिता-वाचता न येणारी. कॅरी हॅकल्टनहून चालत ओल्नीला गेला. खिशात एक पेनीही नव्हती. दिवसभर उपदेश ऐकले आणि दिवसभर उपाशी राहिला, कारण जेवण विकत घ्यायला पैसे नव्हते.

संध्याकाळी एका ओळखीच्या पाळकाने त्याला पाहिलं. त्याच्यासोबत अर्ल्स बार्टन गावची काही मंडळी होती. त्यांनी कॅरीला बरोबर घेतलं, पेलाभर वाइन दिली. अर्ल्स बार्टनच्या या लोकांना पाळक नव्हता. त्या पाळकाने त्यांना सुचवलं की या पोराला उपदेशाला बोलवून बघा. त्यांनी बोलावलं. पुढची साडेतीन वर्षं कॅरी दर पंधरवड्याला मैलोन्‌मैल चालत तिथे उपदेश करायला जात राहिला.

सभेत कोणी त्याची मुलाखत घेतली नव्हती. तो उपाशी पोटी तिथे हजर होता, एवढंच.

पुढच्या वर्षी, ५ ऑक्टोबर १७८३ ला, नॉर्थॅम्प्टनमध्ये नेन नदीत जॉन रायलंड नावाच्या तरुण पाळकाने कॅरीला बाप्तिस्मा दिला. रायलंडच्या लेखी ती रोजच्यासारखी एक सकाळ होती, एका गरीब जोडेवाल्याचा बाप्तिस्मा. ओल्नीचा पाळक जॉन सटक्लिफ कॅरीला लॅटिनमध्ये मदत करू लागला. कॅरीने ओल्नीच्या मंडळीसमोर चाचणी म्हणून उपदेश केला तेव्हा मात्र तो लोकांना पसंत पडला नाही. आणखी सराव कर, मग बघू, असं त्याला सांगण्यात आलं. शेवटी १७८७ साली मोल्टन गावी त्याला रीतसर पाळक नेमलं गेलं. पगार इतका तुटपुंजा की जोडे शिवणं सुटलं नाही.

मोल्टनमध्ये त्याने भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावला होता. कागद चिकटवून चिकटवून स्वतः केलेला. कॅप्टन कुकच्या सफरींची पुस्तकं वाचून तो एकेका देशावर टिपणं लिहायचा: लोकसंख्या किती, धर्म कोणता, हवामान कसं. शाळेतल्या पोरांना भूगोल शिकवताना त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहायचा. आपण जे शुभवर्तमान सांगतो ते इतक्या लोकांपर्यंत पोचवायचं कोणी?

आज हा प्रश्न कोणाला आवडेल, कोणाला नाही. पण त्या काळी त्याच्याच पाळक बांधवांतल्या अनेकांना तो मुळात चुकीचा वाटत होता. त्यांचं म्हणणं असं की ज्यांना वाचवायचं त्यांना देव स्वतः वाचवेल, माणसाने त्यात लुडबुड करू नये. परदेशात जाऊन उपदेश करण्याची आज्ञा येशूच्या बारा शिष्यांपुरती होती, ती त्यांच्याबरोबर संपली. हे मत मोडून काढण्याचं काम त्या भागात जवळजवळ वीस वर्षं चाललं होतं आणि ते मुख्यतः या बैठकांमधूनच चाललं होतं. रॉबर्ट हॉल नावाच्या पाळकाने १७७९ च्या सभेत केलेल्या उपदेशाचं पुढे पुस्तक झालं, ते कॅरीचं अत्यंत आवडतं पुस्तक होतं. १७८४ च्या नॉटिंगहॅमच्या सभेत सटक्लिफने ठराव मांडला की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या मंडळ्यांनी जगभरातल्या कामासाठी प्रार्थना करावी. केटरिंगचा पाळक अँड्र्यू फुलर याने पुस्तक लिहून जुन्या मताच्या मुळावरच घाव घातला.

याच सुमाराचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. नॉर्थॅम्प्टनच्या पाळकांच्या बैठकीत वडीलधारे रायलंड, म्हणजे कॅरीला बाप्तिस्मा देणाऱ्या रायलंडचे वडील, यांनी तरुणांना विषय सुचवायला सांगितलं. कॅरीने आपला प्रश्न मांडला. त्यावर म्हाताऱ्याने त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि खाली बसायला सांगितलं. देवाला परकी माणसं वाचवायची असतील तर तो तुझ्या-माझ्या मदतीशिवाय वाचवेल, असा एकूण सूर. हा किस्सा शेकडो उपदेशांत सांगितला जातो. पण धाकट्या रायलंडने असं काही घडल्याचं साफ नाकारलं होतं. घडलं की नाही हा वाद मिटलेला नाही. तरी एक गोष्ट पक्की आहे: कॅरी त्यानंतरही बैठकांना येत राहिला आणि तोच प्रश्न विचारत राहिला.

अशी माणसं प्रत्येक मिटिंगमध्ये एखादी तरी असते. लोक त्यांना कंटाळतात.

एप्रिल १७९१. क्लिप्स्टन गावी पाळकांची बैठक. सकाळी सटक्लिफ आणि फुलर या दोघांचे उपदेश झाले. फुलरचा विषय होता चालढकल: काम आज करायचं असताना लोक योग्य वेळ आली नाही म्हणून पुढे ढकलतात. सगळे भारावले. जेवण झाल्यावर कॅरी म्हणाला की चला, मग आता काहीतरी ठरवू. चालढकलीवर इतका जोरदार उपदेश करणाऱ्या मंडळींनी काय केलं असेल?

चालढकल.

त्यांनी सांगितलं की तुझ्या टिपणांची पुस्तिका छाप, म्हणजे लोकांना विषय कळेल. कॅरीने ती छापली. १७९२ साली लेस्टरमध्ये निघालेली ही ८७ पानांची पुस्तिका. त्यात पानंच्या पानं तक्ते: देश, लांबी-रुंदी, लोकसंख्या, धर्म. जगाची लोकसंख्या त्याने ७३ कोटी १० लाख धरली होती. एका जोडे शिवणाऱ्या पाळकाने खेड्यात बसून केलेलं हे काम आजही थक्क करतं.

मग ३० मे १७९२. नॉटिंगहॅमची वार्षिक सभा. या वेळी उपदेशाची पाळी कॅरीची. त्याने यशया संदेष्ट्याच्या ५४ व्या अध्यायातला तंबू मोठा करण्याचा भाग घेतला: दोऱ्या लांब करा, मेखा घट्ट ठोका. देवाकडून मोठी अपेक्षा धरा आणि देवासाठी मोठं काम हाती घ्या, हा त्याचा सारांश. ऐकणारे हादरले, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामकाजाची बैठक झाली. आणि पुन्हा तेच. सगळे उठायला लागले. कोणी घोडा बघायला, कोणी सामान बांधायला. तेव्हा कॅरीने फुलरचा हात धरला आणि कळवळून विचारलं की या वेळीही काहीच न करता आपण घरी जाणार का?

फुलर थांबला. त्याने बाकीच्यांना थांबवलं. ठराव झाला की केटरिंगच्या पुढच्या बैठकीत परदेशी कामासाठी संस्था काढायची योजना मांडावी.

इथे जरा रेंगाळावं लागतं, कारण एरवी कोणी रेंगाळत नाही. उपदेश ऐकून लोक हलले होते, पण उपदेशाने ठराव झाला नाही. पुस्तिका वाचून लोकांना पटलं होतं, पण पुस्तिकेनेही झाला नाही. ठराव झाला तो हात धरल्यामुळे. पत्राने माणसाचा हात धरता येत नाही. फुलर आणि कॅरी एकाच खोलीत होते आणि दहा वर्षांच्या ओळखीमुळे एकाने दुसऱ्याचा हात धरणं शोभून गेलं.

२ ऑक्टोबर १७९२. केटरिंग. दिवसभराचे उपदेश आटोपल्यावर बीबी वॉलिस यांच्या विधवा पत्नीच्या घरी मागच्या दिवाणखान्यात चौदाजण जमले. छोटी खोली. त्यांच्यात लंडनचं बडं नाव एकही नव्हतं. हे सगळे गावोगावचे, कमी पगाराचे लोक. त्यांनी संस्था काढली आणि कागदावर आकडे टाकले. बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. वचनाच्या चिठ्ठ्या फुलरच्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या. वर्गणीच्या त्या पहिल्या यादीत कॅरीचं नाव नाही. त्याच्याकडे द्यायला पैसेच नव्हते.

बर्मिंगहॅमचा तरुण पाळक सॅम्युएल पिअर्स या बैठकीला आला होता. तो घरी गेला, आपल्या मंडळीशी बोलला आणि महिन्याभरात ७० पौंड घेऊन परत आला. या चौदाजणांनी काढलेली बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी आजही नाव थोडं बदलून चालू आहे.

जानेवारी १७९३ मध्ये पुढची बैठक झाली. बंगालात राहून आलेला डॉक्टर जॉन थॉमस तिथे आला आणि कॅरी त्याच्यासोबत जायला तयार झाला. मित्रांमध्ये एक करार झाला, तो फुलर पुढे आयुष्यभर सांगायचा. खोल खाणीत एकाने उतरायचं आणि बाकीच्यांनी वरून दोर धरायचा, असं ते चित्र. फुलर, सटक्लिफ, रायलंड आणि पिअर्स यांनी मरेपर्यंत दोर सोडायचा नाही असं ठरलं.

ही गोष्ट इथपर्यंत फार सुंदर आहे. पण त्या खोल्यांमध्ये एक माणूस कधीच नव्हतं, ते म्हणजे डोरोथी.

नवऱ्याने एका बैठकीत भारतात जायचं कबूल केलं तेव्हा ती गरोदर होती. तिने साफ नकार दिला. थोरला मुलगा फेलिक्स याला घेऊन कॅरी एकटाच निघाला. मग परवाना नसल्यामुळे जहाजावरून त्यांना उतरवण्यात आलं आणि त्या खोळंब्यात थॉमसने घरी जाऊन डोरोथीला गळ घातली. बहीण सोबत येणार असेल तर येते, असं म्हणून तान्ह्या बाळाला घेऊन ती निघाली. १३ जून १७९३ ला डॅनिश जहाज सुटलं, नोव्हेंबरमध्ये ते बंगालात पोचले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने गेला. डोरोथीच्या मनाचा तोल सुटला तो कायमचाच. १८०७ साली ती वारली, तोपर्यंतची शेवटची बारा वर्षं तिने भ्रमात काढली. शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करत असायचा.

पाळकांच्या बैठकांनी बरंच काही घडवलं. ज्यांना बैठकीत बोलावलंच नाही त्यांनी काय भोगलं हेही त्याच हिशोबात धरायला हवं.

बंगालात पहिली काही वर्षं कॅरीने निळीच्या कारखान्यावर काम केलं. इंग्रज कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून १० जानेवारी १८०० ला तो डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या सेरामपूरला गेला. (बंगालीत त्याला श्रीरामपूर म्हणतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं.) तिथे जोशुआ मार्शमन हा शाळामास्तर आणि विल्यम वॉर्ड हा छापखान्यातला माणूस हे दोघे त्याला येऊन मिळाले. तिघांची कुटुंबं एकत्र राहायची, कमाई एका खात्यात जायची.

आणि इथे कॅरीने नॉर्थॅम्प्टनशायरची सवय सोबत आणलेली दिसते. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसायचं. आठवड्यात कोणाचं कोणाशी बिनसलं असेल तर ते तोंडावर बोलायचं आणि मिटवूनच उठायचं. १८०५ साली त्यांनी आपल्या कामाची तत्त्वं लिहून काढली आणि ठरवलं की प्रत्येक केंद्रावर ती वर्षातून तीनदा मोठ्याने वाचायची. इतकी वेगळ्या स्वभावाची माणसं वॉर्ड जाईपर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, एका घरात टिकली. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही यातली अवघड बाजू सांगायला नको.

दरम्यान १८०१ मध्ये कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला माणूस हवा होता. पदवी नसलेल्या कॅरीला ते काम मिळालं. आधी बंगाली, मग संस्कृत, पुढे मराठी. वैजनाथ पंडित यांच्या मदतीने त्याने मराठीचा अभ्यास केला. १८०५ ला व्याकरण, १८१० ला मराठी शब्द मोडीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश, १८११ ला मराठीतला नवा करार. त्यानंतर सिंहासन बत्तिशी, हितोपदेश अशी मराठी पुस्तकंही सेरामपूरच्या छापखान्यातून निघाली. त्यातली मराठी नागपूरकडच्या वळणाची आहे आणि आज वाचताना अडखळायला होतं. पण मोल्सवर्थचा मोठा कोश यायला तेव्हा अजून वीस वर्षं होती.

आता कॅरीच्या आयुष्यातली सगळ्यात विलक्षण कल्पना.

१८०६ च्या मे महिन्यात त्याने फुलरला पत्र लिहिलं. जगभर काम करणाऱ्या सगळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांची एक परिषद भरवावी. दर दहा वर्षांनी. जागा, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचं केप ऑफ गुड होप. पहिली १८१० साली, फार तर १८१२ ला.

केप का? तेव्हा सुएझ कालवा नव्हता. युरोपातून भारतात येणारं प्रत्येक जहाज आफ्रिकेला वळसा घालूनच यायचं, म्हणजे केप दोघांच्या साधारण मध्यावर. आणि परिषदच का, तर पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तेवढेच. कॅरीचा हिशोब असा होता की दोन-तीन वर्षांच्या पत्रव्यवहारातून जेवढं एकमेकांना समजत नाही तेवढं दोन तास समोरासमोर बसून समजतं.

हे लिहिणारा माणूस तेरा वर्षं मित्रांपासून दूर राहिलेला होता. बैठक म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

फुलरचं उत्तर नकाराचं होतं. सगळ्या पंथांचे लोक एकत्र आले तर एकी होणार नाही आणि एकी नसेल तर घरी बसलेलं बरं, असं त्याचं मत. कॅरीचं हे एक गोड स्वप्न आहे म्हणून त्याने विषय मिटवला. नॉटिंगहॅमला ज्याचा हात धरला तोच हा फुलर. या वेळी हात धरायला कॅरी तिथे नव्हता.

फुलरची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. खर्च, प्रवासाचं वर्ष, युरोपात चालू असलेलं नेपोलियनचं युद्ध, सगळंच आडवं येत होतं. पण कॅरीला जी भीती होती ती पुढच्या वीस वर्षांत त्याच्याच वाट्याला आली.

दोर धरणारे एकेक करून गेले. पिअर्स तर १७९९ लाच वारला होता. सटक्लिफ १८१४ ला गेला, फुलर १८१५ ला, रायलंड १८२५ ला. सोसायटीचा कारभार नव्या लोकांकडे आला. या नव्या लोकांनी कॅरीला कधी पाहिलं नव्हतं आणि कॅरीने त्यांना. त्यांना प्रश्न पडला की सेरामपूरच्या इमारती, छापखाना, जमीन हे नक्की कोणाच्या नावावर आहे? हिशोब कोण तपासतं? संस्थेच्या दृष्टीने प्रश्न रास्त होते. पण ज्याने कॉलेजचा पगार वर्षानुवर्षं मिशनच्या सामायिक खात्यात टाकला त्याला ते वर्मी लागले. पत्रं सहा महिन्यांनी पोचायची, तोवर लिहिणाऱ्याचा राग शांत झालेला असायचा आणि वाचणाऱ्याचा नव्याने पेटायचा.

इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांचंही सेरामपूरच्या म्हाताऱ्यांशी, विशेषतः मार्शमनशी, पटलं नाही. ते वेगळे होऊन कोलकात्यात राहू लागले. त्यांच्यात कॅरीचा सख्खा पुतण्या युस्टेसही होता. १८२७ साली सेरामपूर आणि सोसायटी रीतसर विभक्त झाले. केटरिंगच्या दिवाणखान्यात ज्या संस्थेचा जन्म कॅरीने हट्टाने घडवला, तिच्यातून तो पासष्टीत बाहेर पडला.

कॅरी ४१ वर्षं भारतात राहिला आणि एकदाही इंग्लंडला परत गेला नाही. याचं कौतुक नेहमी होतं. पण तो मध्येच एकदा जाऊन त्या नव्या लोकांसमोर बसला असता तर ही फाटाफूट टळली असती का, हा विचार मनात येतोच. मार्शमन १८२६ ला तिकडे गेला होता, पण त्याच्यात आणि त्यांच्यात समेट झाला नाही. नॉर्थॅम्प्टनशायरच्या पाळकांकडे त्या खोलीत यायच्या आधीची दहा वर्षांची ओळख होती. ती एका भेटीत उभी राहत नाही.

९ जून १८३४ ला सेरामपूरमध्ये कॅरी वारला. दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्या त्या त्याच्यानंतर तीन-चार वर्षांनी.

त्याचं गोड स्वप्न मात्र कोणीतरी उचललंच. रेल्वे आणि वाफेची जहाजं आल्यावर भारतातल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी दर दहा वर्षांनी परिषद भरवायला सुरुवात केली: १८७२-७३ ला अलाहाबाद, मग कोलकाता, आणि १८९२ च्या डिसेंबर अखेरीस मुंबई. दहा वर्षांचं अंतर कॅरीने सुचवलेलंच. १९१० च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात जागतिक मिशनरी परिषद भरली. कॅरीने सांगितलेल्या सालानंतर बरोबर शंभर वर्षांनी. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी आले, पण जवळजवळ सगळे गोरे. आशियातले विसेक असतील, त्यांतल्या भारताच्या व्ही. एस. अझरायांनी उघड बोलून दाखवलं की मिशनरी आमच्यासाठी खूप काही देतात, पण आम्हाला मित्र मानत नाहीत. परिषदेत त्यावर कुजबुज झाली, काहींना ते झोंबलं. पण ते बोलणं तोंडावर झालं.

आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये लोझान चळवळीच्या तिसऱ्या मोठ्या परिषदेला १९८ देशांतून सुमारे चार हजार लोक जमले. गाव होतं केप टाउन, केप ऑफ गुड होपच्या शेजारचं.